मधलं पांढरं

पहिला घाव सोनोग्राफीच्या पडद्यावर बसला. काच फुटली. दुसरा आडव्या आलेल्या कंपाउंडरच्या खांद्यावर बसला आणि तो भिंतीला धरून खाली घसरला.

ढुंढिराज थेट मणिकर्णिका घाटावरून आला होता. गंगेला पूर, म्हणून शरदिनीची चिता घाटावरच्या इमारतीच्या छतावर रचली होती. ज्या बांबूने त्याने कपाळक्रियेत चितेवरच्या बायकोची कवटी फोडली, तोच बांबू त्याच्या हातात होता. टोक अजून गरम होतं.

"चर्बी बोली थी ना तू?" तो डॉक्टर रुचीवर ओरडला. "वो पथरी के दर्द से तडप रही थी, और तू बोली चर्बी है!"

सोनोग्राफीहून शरदिनी शेजारच्या गीताबरोबर घरी आली होती. कंबर धरूनच हसली होती. "किडनीच्या मधोमध पांढरं दिसतंय ती चरबी म्हणे. सगळ्यांनाच असते. माझी तुमच्या घरच्या तुपाची असेल." दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. मोठ्या इस्पितळात कळलं, खडा अडकला होता आणि वर सगळा पू भरला होता. तिथून ती परत आली नाही.

तिसरा घाव रुचीच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. ढुंढिराजने तिचे केस मुठीत धरले आणि बांबू पुन्हा उचलला.

"पानी!" ती किंचाळली.

"मरते वक्त पानी मांगती है?"

"उन्होंने पानी नहीं पिया था, पंडितजी! पिया होता तो दिखता!"

धापा टाकत ती सांगत सुटली. खडा अडकला की लघवी आत तुंबते. तुंबली की ते मधलं पांढरं फाटतं आणि मध्ये काळं दिसतं. पण अंगात पाणीच नसेल तर तुंबणार काय? पांढरं मिटलेलंच राहतं, निरोगी माणसासारखं.

"तीज थी उस दिन. मेरा भी निर्जला व्रत था. इसीलिए उनसे दो बार पूछा."

"क्या बोली?"

"बोलीं, हम मराठी लोगों में तीज पर पानी चलता है. भरपेट पीकर आई हूँ."

बांबू वरच थांबला. खरं होतं ते. दर हरितालिकेला त्याच्या घरात पाणी चालत होतं. यंदाही त्या सकाळी, वाळूची पिंड मांडून झाल्यावर, त्याने स्वतः पेला तिच्यापुढे धरला होता. तिने तो हाताने बाजूला सारला होता.

"यंदा पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यात तुम्हाला झटका आला, तेव्हाच संकठादेवीला नवस बोलले होते मी. तुम्ही जगायला हवं."