सुकऱ्याचा उजवा हात

ऐक ना. मधे बोलायचं नाही, नुसतं ऐक.

सुकऱ्या माहितीये ना, बारवी धरणाच्या वरच्या वाडीतला? टेनिस बॉलने बॅट्समनचा ओठ फाडायचा तो. अनवाणी बॉलिंग सुरू केली पोराने, आणि बघता बघता अंबरनाथ-बदलापुरात टुर्नामेंट लागली की लोक आधी विचारायचे, सुकऱ्या कोणाकडून खेळतोय? आमचा कॅप्टन नितीन त्याला वाडीवरून बाइकवर बसवून आणायचा. मॅच यूट्यूबवर लाइव्ह. कॉमेंट्रीवाला नुसता बोंबलायचा, "आला रे बारवीचा वाघ!"

लाइव्ह आलं की सट्टा आला. उल्हासनगरचा प्रमोद आला. आधी बूट दिले, मग मोबाइल, मग म्हणाला, "एक वाइड टाक रे, कोणाच्या बापाचं काय जातंय?" सुकऱ्याने टाकला. मग नो बॉल. मग सेमीफायनलची अख्खी ओव्हर घाण टाकली. आपली टीम बाहेर. नितीनला पत्ताच नाही, तो ह्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

तिथे सुकऱ्या आतून फाटला. पुढच्या टुर्नामेंटची फायनल आली तसं त्याने नितीनला सगळं ओकून टाकलं. नितीनने एकच ठेवून दिली, नाकातून रक्त. मग स्वतःच मिठी मारली. "उद्या सरळ टाक. प्रमोदला मी बघतो."

प्रमोदला कुठून तरी कळलं. तो थेट वाडीवर. सुकऱ्याची मोठी बहीण राही एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिच्यासमोरच बोलला, "पहिली ओव्हर माझी. नाहीतर ही शिफ्टवरून एकटी येते ना? सगळ्या केमिकलच्या कंपन्या तिकडे. तोंडावर कधी काय उडेल, भरोसा नाही."

फायनलच्या सकाळी सुकऱ्या हॉस्पिटलमध्ये. उजव्या हाताचा पार चेंदा. हाडं बाहेर. डॉक्टर म्हणाले, "बॉल विसर आता. या हाताने घास तोंडापर्यंत गेला तरी खूप."

नितीनने विचारलं, "प्रमोद?"

सुकऱ्याने मान खाली घातली. बस.

पोरांनी ग्राउंडवरचे स्टंप उपटले. प्रमोद अंबरनाथ पूर्वेला टपरीवर चहा पीत होता. तिथून फरफटत काढला. "मी हात नाय लावला रे, आईशपथ!"

"आता आई आठवली का?" नितीन म्हणाला आणि मारत सुटला. दोन्ही गुडघे फोडले. एक डोळा गेला. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते, सोडवायला कोणी नाही.

नितीन आत आहे. हाफ मर्डर.

काल मी राहीला गाठलं, कंपनीच्या गेटवर. म्हटलं, "ताई, कोर्टात सांग ना, प्रमोदने तुला धमकी दिलेली, भावाचा हात तोडला. जजला नितीनची दया तरी येईल."

ती शांतपणे डबा पिशवीत ठेवत होती. "धमकी दिली. ते सांगते."

"आणि हात?"

"हात सुकऱ्याने स्वतः पाट्यावर ठेवला. म्हणाला, बाय, हातच नसला तर कोण काय मागंल? वरवंटा मी घातला. पहिल्या घावाला नीट मोडला नाय, म्हणून परत घातला."

आता तू सांग, तू काय केलं असतंस?