कोणता बिघाड सांगायचा

"अन् काई बिघडलं, पण मशीननं आपलं आपण नीट करून घेतलं, तर तुला सांगायचं का?" शिवकन्यानं लॅपटॉप आईपुढं सरकवला.

वनमाला अंबाडीची पानं खुडत होती. तिनं पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. "भाकर जराशी करपली, म्या पापुद्रा काढून वाढली, तर ताटापशी बसून सांगत असते का? कावून सांगायचं?"

शिवकन्याला हसू आलं. याच प्रश्नावर पुण्याच्या कंपनीतल्या शहाण्यांनी अख्खा आठवडा वाद घातला होता. कंपनी खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी स्वस्त कॉम्प्युटर बनवायची आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टीमही स्वतःच लिहायची. आतला कुठलाही भाग जरा कुरकुरला की पडद्यावर लाल अक्षरं यायची, आणि मास्तर लोक घाबरून प्लग उपसून मोकळे व्हायचे. म्हणून कोणता बिघाड वापरणाऱ्याला सांगायचा आणि कोणता पोटात ठेवायचा, हे ठरवायचं काम शिवकन्याकडं आलं होतं. साहेब अमरसिंह म्हणाले होते, "ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला विचारून बघ." सध्या ती घरूनच काम करत होती आणि असं माणूस सिरसाळ्यात शोधत हिंडायची गरज नव्हती. ते समोर भाजी खुडत बसलं होतं.

"बरं, आतला पंखा बंद पडला, मशीन तापायला लागलं, तर?"

"तर सांगावंच लागंल की. बंद तरी करता येतंय."

नियम आपोआप तयार होत होता. माणसाला काही करता येण्यासारखं असेल तर सांगायचं. नसेल तर उगाच त्याचा जीव टांगणीला लावायचा नाही. शिवकन्याला हा नियम फार पटला होता. खरं तर गरजेपेक्षा जास्तच पटला होता, आणि त्याचं कारण काही कॉम्प्युटर नव्हतं.

कारण बाहेर लिंबाखाली बाजेवर पडलं होतं. तिचे वडील, रामकिसन. मागच्या आठवड्यात ती त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि तिला एकटीला सांगितलं. दुखणं पोटात सगळीकडं पसरलंय. आता ऑपरेशन नाही, औषध नाही, फक्त त्यांना त्रास होऊ नये एवढं बघायचं. घरी येऊन तिनं आईवडिलांना सांगितलं, आतड्याला सूज आहे.

खरं कळलं ते फक्त चुलत्यांना. हरिबातात्यांनी तिचा हात धरून बजावलं, "वनमालाला कळू देऊ नको. तिच्या हातात काय हाय? आमी ऊसतोडीला गेल्यावर मागं घरी काईबी झालं तरी कुणी कळवत नव्हतं. हंगाम अर्धा टाकून येता येत न्हाई, मग कळवून करायचं काय?" इकडची ही जुनी रीत, आणि तात्यांचं म्हणणं बिनतोड होतं. तरी आईनं रामकिसनची भाकरी बंद करून मऊ भात रांधायला घेतला की शिवकन्या काहीतरी निमित्त काढून तिथून उठायची. लेकीला खोटं बोलायची सवय नव्हती आणि आईपुढं तर अजिबात नव्हती.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "आतला मुख्य भागच झिजत चाललाय. त्याची दुरुस्ती न्हाई, तो बदलताबी येत न्हाई. आज चालतंय, पण एक दिवस बंद पडणार. वापरणाऱ्याला काहीच करता येत न्हाई. हे सांगायचं?"

उत्तर तिनं आधीच टाइप करून ठेवलं होतं, 'दाखवू नये'. आईनं फक्त मान डोलवायची होती. तेवढं झालं असतं तर शिवकन्याला त्या रात्री झोप लागली असती.

वनमालाचा हात थांबला.

"माझी माय गेली तवा आमी कर्नाटकात ऊस तोडीत व्हतो," ती म्हणाली. "तुझ्या अंगदमामानं कळवलं न्हाई. मुकादम सोडायचा न्हाई, येऊन तरी काय करणार, म्हणून. मी आपली फोनवर इचारायचे, माय जेवली का? अन् अंगद म्हणायचा, जेवली."

शिवकन्यानं हे कधी ऐकलं नव्हतं.

"हंगाम संपल्यावर तिला लुगडं घेऊन गेलते. दारात गेल्यावर कळलं."

"पण आई," शिवकन्याचा आवाज बारीक झाला, "मामानं सांगितलं असतं तरी तू काय करणार होतीस?"

"काईच न्हाई. ऊसच तोडला असता." वनमालानं एक देठ मोडून बाजूला टाकला. "पर रडत तोडला असता. लिही, सांगायचं म्हणून."

शिवकन्यानं 'दाखवू नये' खोडलं आणि 'दाखवावे' लिहिलं. एवढ्याशा शब्दाला तिला फार वेळ लागला. लिहून झाल्यावरही ती पडद्याकडंच बघत राहिली. आईच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना.

वनमालानं पदराला हात पुसले. लेकीच्या पुढ्यातला लॅपटॉप हळूच मिटला. दारातून दिसणाऱ्या बाजेकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"मशीनचं झालं. आता ह्यांचं सांग."