घराण्याची चौकशी

“आणि हे कोण?” चौकशीला आलेल्या डेप्युटी साहेबांनी विचारलं.

महादेवरावांच्या ओसरीखाली पुंजाराम संत्र्यांची टोपली घेऊन उभा होता. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले.

“आमचा माळी,” देवीदास म्हणाला.

पुंजाराम त्याचा बाप होता.

तीन महिन्यांपूर्वी अकोल्याच्या कचेरीत एका कारकुनानं देवीदासला बाजूला घेतलं होतं. “मॅट्रिक झाला, चांगलं झालं. पण सागरच्या पोलीस शाळेत ठाणेदारीसाठी ज्याचं नाव धाडतेत, त्याचं घरानं पायतेत. भाजीवाल्याच्या पोराचं नाव कोन धाडते?”

देवीदासनं तिथंच बसून अर्ज भरला. वडील : वारले. पालक : महादेवराव, जमीन ऐंशी एकर. पुंजारामचा मळा महादेवरावांच्याच विहिरीवर होता. पोरगा हुशार म्हणून त्यांनी नाखुशीनं सही दिली.

आई मनकर्णाबाईला हे कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं कुंकू जरा मोठं लावलं.

“मंग म्या काय कराचं?” बापानं एवढंच विचारलं होतं.

“काई नाई. सायेब येतीन त्या दिवशी मळ्यातच राह्यजा.”

पण पोराला नेणारा साहेब कसा असतो, ते पाहिल्याशिवाय पुंजारामला राहवलं नाही.

साहेबांनी संत्रं सोलून तोंडात टाकलं. “गोड आहे हो! कसं काय?”

“झाडाले ताण द्या लागते, सायेब,” पुंजाराम खुलला. “पानं सुकली तरी पानी सोडाचं नाई. जीव तुटते, पन सोडाचं नाई.”

“बसा ना, बाबा.”

तो पायरीवर टेकला. साहेब विचारत गेले, तो सांगत गेला. देवीदासचे कान तापले होते. बाप इतकं चांगलं बोलतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्यानं मान वर केली नाही. महादेवराव नुसतेच सुपारी कातरत राहिले.

शेवटी साहेबांनी वही मिटली.

“महादेवराव, स्पष्ट सांगतो. मुलगा चांगला आहे, पण मोठ्या घरांतले तेहतीस अर्ज माझ्याकडे पडून आहेत. यंदा नागपूरच्या सरकारचा हुकूम वेगळा आहे. स्वतःच्या हातानं मळा कसणाऱ्याचा एक तरी मुलगा या जिल्ह्यातून द्यायचा. सगळे तालुके फिरलो, तसा मॅट्रिक झालेला एकही सापडला नाही. उद्या यादी जाणार.”

कातरणारा अडकित्ता थांबला.

साहेब पायरीकडे वळले. “बाबा, तुम्हाला आहे का हो एखादा शिकलेला मुलगा?”

देवीदासनं तोंड उघडलं. अर्जाखाली त्याची सही होती. खोटं लिहिणाऱ्याला कैद होईल, असं सहीच्या वरच छापलेलं होतं. त्यानं तोंड मिटलं.

पुंजारामनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संत्री ओसरीवर ओतून, रिकामी टोपली उचलून तो उभा राहिला.

“नाई जी, सायेब,” तो म्हणाला. “मले पोरगंच नाई.”