शोधनिबंधाचे वाटे

"पत्र आलंय. मी वाचून दाखवते," नुरझादा म्हणाली आणि तिने चहाची किटली खाली ठेवली.

डीनच्या खोलीत टेबलाभोवती सहा प्राध्यापक बसले होते, सहा वेगवेगळ्या शाखांचे. नुरझादा सगळ्यांत लहान, म्हणून चहा ओतायचं काम तिच्याकडे. ते कुणाला सांगावं लागत नाही.

पत्र परदेशी नियतकालिकाचं होतं. मेंढ्यांकडून माणसांना होणाऱ्या तापावरचा निबंध त्यांनी स्वीकारला होता. निबंधावर सात नावं आहेत, त्यांतल्या कुणी कोणतं काम केलं ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. ज्याने काहीच केलं नसेल त्याचं नाव निघेल.

खरं तर उत्तर सोपं होतं. सगळं नुरझादानेच केलं होतं. नारिनच्या वरच्या कुरणांत ती तीन उन्हाळे तंबूतंबूतून हिंडली, मेंढ्यांचं नि मेंढपाळांचं रक्त काढून तपासलं, आकडे मांडले, म्हाताऱ्यांकडून जुने उपाय लिहून घेतले. बाकीचे सहा जण उंटावरून शेळ्या हाकणारेसुद्धा नव्हते. उंटावर चढायचे कष्ट कोण घेणार? विद्यापीठाने मात्र 'सहा शाखांनी मिळून केलेलं वर्षातलं सर्वांत प्रभावी संशोधन' असा फलक दारावर कधीच लावून टाकला होता.

नुरझादाला फलकाशी देणंघेणं नव्हतं. या निबंधावर नाव असल्याशिवाय समिती तिचा प्रबंध हातातही धरणार नव्हती, आणि मुदतीचं हे शेवटचं वर्ष होतं.

"कामं किती आहेत?" तुरातबेक अगायनी विचारलं. ते एकोणऐंशी वर्षांचे, इतिहासाचे. शिक्षकाला अगाय म्हणतातच, पण हे शिक्षकांचेही अगाय.

"सहा. कल्पना, डोंगरावरची पाहणी, रक्ततपासणी, आकडेमोड, लेखन आणि देखरेख."

"मग वाटून टाकू."

आम्हां किरगिझांत मेंढी कापली की तिचे वाटे वयाच्या मानाने होतात. थोरल्याला थोरलं हाड, धाकट्याला धाकटं. डॉक्टरेट मिळाली म्हणून कुणी हे विसरत नाही.

अगायनी कल्पना घेतली. तिच्यासाठी जागेवरून उठावं लागत नाही. त्यांच्या खालोखाल वैद्यकाच्या बूबुसारा एजे, म्हणजे बूबुसाराताई. त्यांनी रक्ततपासणी घेतली. "रक्त बघितलं की मला अजून घेरी येते गं," त्या हसून म्हणाल्या, "पण शाखेला शोभेल." पाहणी डीन एसेनकान यांच्याकडे गेली, कारण त्यांच्याकडे घोड्यावर बसलेला एक फोटो होता, मेहुण्याच्या वाढदिवसाचा. अर्थशास्त्राच्या माइरामबेकने आकडेमोड घेतली आणि हळूच विचारलं, "यात आकडे आहेत का पण?"

"चार तक्ते आहेत," नुरझादा म्हणाली.

"अरे वा!"

लेखन भाषावाल्यांना मिळालं, देखरेख कायदेवाल्यांना. चहा निवायच्या आत ताट साफ झालं.

"आणि मी?"

डीननी पुन्हा बोटं मोजली. "कामं संपली की गं."

"एसेनकान अगाय, पाहणीत तुमच्या नावाखाली माझं नाव लिहा. एका कामावर दोन नावं चालतात, पत्रातच लिहिलंय तसं."

बूबुसारा एजेंनी च्च केलं. "डीनच्या पुढ्यातलं हाड तू चोखणार? लोक काय म्हणतील, पोरी?"

"लोक कुठून आले, एजे? नियतकालिक आहे ते."

"तेही माणसंच चालवत असतील ना?"

"आणि नियम म्हणजे नियम," माइरामबेक म्हणाला. "काम नाही त्याचं नाव नाही. परदेशी लोकांशी आपण खोटं बोलायचं का?"

हे त्याने अगदी गंभीरपणे म्हटलं. असल्या माणसाच्या थोबाडीत द्यायची सोय कुठल्याच विद्यापीठात नसते.

"वय काय तुझं? एकोणतीस!" डीन समजूत घालू लागले. "पुढच्या निबंधात बघू. आभारात घालू की तुला. ड्रायव्हरच्या आधी."

अगायनी दुवा द्यायला दोन्ही तळवे पसरले. दुवा झाला की बैठक संपली, मग कुणी बोलायचं नसतं. नुरझादाने त्यांना हात वर करू दिले नाहीत.

"थांबा, अगाय." तिने बाहीने डोळे पुसले. "चौथा तक्ता बघा. कुणी उघडला नसेल, म्हणून मीच सांगते. आजारी माणसांचा आहे तो. एकोणिसावी ओळ. बाई, वय सत्तावीस, रोज संध्याकाळी ताप, कंबर धरलेली. ती मी आहे. मेंढी अडली होती, कोकरू ओढून काढताना मला लागण झाली. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या. आता सांगा, त्या दिवशी डोंगरावर तुमच्यापैकी कोण होतं?"

डीन फोन चाळायला लागले. बूबुसारा एजेंनी आपली खुर्ची जराशी मागे घेतली.

अगायनी मात्र चष्मा लावला, निबंध मागून घेतला आणि चौथा तक्ता काढून बोटाने एकेक ओळ मोजत खाली आले. एकोणिसाव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती दोनदा वाचली. मग मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पार गेली होती.

"मग रडतेस कशाला, वेडे?" ते मायेने म्हणाले. "निबंधात तू आहेसच की!"