लोडाशेजारचा फिंजान

अबू रकाननं दल्लेतून, कॉफीच्या तांब्याच्या किटलीतून, पहिला फिंजान स्वतःसाठी ओतला आणि पाहुण्यादेखत तो इवलासा पेला एका घोटात संपवला. कॉफीत काही काळंबेरं नाही, हे यजमानानं आधी पिऊन दाखवायचं असतं. मग दुसरा फिंजान भरून त्यानं नायफपुढे धरला.

नायफनं तो घेतला आणि लोडाशेजारी जाजमावर ठेवून दिला.

अबू रकान काय ते समजला. जॉर्डनमधल्या करकच्या मुलखात पाहुणा कॉफी अशी खाली ठेवतो, तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि पाहुण्याची कॉफी तशीच राहिली, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"बोल बाबा, काय हवंय?"

"ही दल्ला," नायफ म्हणाला. "परत हवीय मला."

नायफचा धंदा गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा, पण जीव सगळा जुन्या दल्लांत. लांब चोचीच्या, तांब्याच्या अशा पाच त्यानं जमवल्या होत्या. चार वर्षांपूर्वी बायकोचं ऑपरेशन निघालं आणि त्याला त्यांच्यावर पाणी सोडावं लागलं. विकण्याआधी त्यानं पाचही दल्ला घासूनपुसून, आतून स्वतःच्या हातानं कल्हई करून नव्या नवरीसारख्या नटवल्या होत्या. त्या वर्षी कथील मिळता मिळत नव्हतं. तरी यानं हात आखडता घेतला नाही, म्हणून लोकांनी त्याचं केवढं कौतुक केलं होतं!

गेल्या हिवाळ्यापासून मात्र तो एकेक दल्ला परत घेत सुटला होता. तिप्पट पैसे मोजून. चार झाल्या होत्या.

"एक विचारू? रागावू नकोस," अबू रकान म्हणाला. "सालिमचा बाप गेला, आठवड्यात तू दल्ला मागायला हजर. वरच्या आळीतली म्हातारी गेली, तिथंही तू. आता माझ्या आईचे चाळीस दिवस काल झाले, आज तू इथं. मयताच्या वासावर येतोस की काय रे, गिधाडासारखा?"

तो थट्टेनं बोलला होता, पण नायफचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिला... फार त्रास झाला?"

"शेवटी पोटात सारख्या कळा. मनगटं लुळी पडली, फिंजान हातात राहीना. डॉक्टर म्हणाले, वय झालं." अबू रकाननं दल्लेवरून हात फिरवला. "तरी कॉफी सुटली नाही तिची. मीच पाजायचो, ह्याच दल्लेतली. आता हीच काय ती तिची आठवण. ती मागतोस होय?"

नायफनं दल्लेकडे बोट दाखवलं. "रोज हिच्यातच करता?"

"मग? शोभेला ठेवायची?"

"सगळेच पितात?"

"पोरगा रकान तिकडे अकाबाला कामावर असतो, तो सोडला तर सगळे. ही तर पाचवा महिना लागला तरी ऐकत नाही. दिवसभर ओकते आणि वर कॉफी मागते!"

आतल्या दारातून त्याची बायको फिद्दा हसली. "आधी माझ्या तांबूस गालांवरून सगळे चिडवायचे, आता तर तोंडाला कसला रंगच राहिला नाही. कॉफीनं जरा तरतरी येते हो, नायफभाऊ."

नायफनं तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली.

अबू रकान इतका भोळा नव्हता. अम्मानच्या भाच्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, की जुन्या कारागिरांचा शिक्का असलेल्या दल्लांना आखातात आता वेड्यासारखी किंमत येते. दल्लेच्या बुडाला असा शिक्का होता. म्हणजे गडी तिप्पट देऊन दहापट कमावणार, आणि वर डोळ्यांत पाणी आणून दाखवणार. आईची वस्तू ह्या लबाडाच्या हातात द्यायची, हे त्याला पटेना.

पण फिंजानावरची वाफ केव्हाच विरली होती.

"दुसरं काहीही माग," अबू रकान म्हणाला. "मेंढ्या माग."

"हीच हवी." नायफनं हात जोडले. एवढा मोठा माणूस, पण आवाज कापत होता. "अबू रकान, तुझ्या पाया पडतो. नाही म्हणू नकोस."

अबू रकाननं भिंतीकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "दिली. पैसे नकोत मला. ह्या घरातून पाहुणा कधी रिकाम्या हातानं गेलेला नाही. पी आता."

नायफनं फिंजान उचलला, तोंड लोडाकडे वळवलं आणि मान मागे टाकली. मग रिकामा फिंजान दोनदा हलवून परत दिला, म्हणजे पुरे.

"एकच? अरे, बारा-बारा प्यायचास की तू!"

"घाई आहे." त्यानं खिशातून नोटांची जाड पुडी काढली आणि अबू रकान नको नको म्हणत असताना उशीखाली सरकवली. "दल्लेचे नव्हेत. वहिनीला अम्मानच्या मोठ्या डॉक्टरकडे ने. उद्याच ने. इथल्यांना काय कळतंय!"

फिद्दानं उरलेली कॉफी थर्मासमध्ये काढली, दल्ला विसळून फडक्यात बांधून दिली. नायफ ती छातीशी धरून जवळजवळ पळतच गाडीकडे गेला.

अबू रकान दारात उभा राहिला. डोळे भरून आले होते, पण ऊरही भरून आला होता. आईची वस्तू गेली, घराचा शब्द राहिला. माणूस लबाड असेल, पण कॉफी पिऊन गेला.

मागे फिद्दा आवराआवर करत होती. एका हातात थर्मासमधून भरून घेतलेला फिंजान, दुसऱ्या हातानं ती लोड उचलत होती.

"बघा तुमचा पाहुणा!" ती म्हणाली. "प्यायलाच नाही मेला. सगळी कॉफी इथं लोडामागे ओतून गेलाय." आणि तिनं हातातल्या फिंजानाचा शेवटचा घोट घेतला.