सातव्या प्रश्नाचं उत्तर

चारुदत्तने चाचणीचा निकाल पडद्यावर लावला आणि तो सातव्या प्रश्नापाशी थांबला. समोर एकेचाळीस शिक्षक बसले होते. चाळीस जणांचं उत्तर बरोबर होतं. एकीचं चुकलं होतं.

नवीन पनवेलच्या त्या सभागृहात तो सकाळपासून मनातल्या मनात चडफडत होता. बातमी खरी की खोटी हे मुलांना ओळखायला शिकवणाऱ्या शिक्षकांचं ऑनलाइन नेटवर्क त्याने दोन वर्षं खपून उभारलं होतं. वृत्तपत्रातली नोकरी सोडली, खांदा कॉलनीतल्या घरात बसून एकेक पाठ लिहिला, सहाशे शिक्षक जोडले. त्यांतले हे पहिले एकेचाळीस आज समोरासमोर भेटले, तर निम्म्यांनी आल्या आल्या विचारलं काय, प्रमाणपत्र कधी मिळणार. साईटवरही तेच. कुणी शंका काढत नसे, वाद घालत नसे. प्रत्येक पाठाखाली नुसतं ‘खूप छान सर’ आणि जोडलेले हात. मेंढरं नुसती, त्याला वाटलं.

आणि त्या कळपातही मागे राहिलेलं हे एक. मालू कोळी, खाडीकाठची जिल्हा परिषद शाळा. प्रश्न काही अवघड नव्हता. पाण्यावर मेलेल्या माशांचा खच, मधोमध होडी, होडीत उभा एक माणूस. खाली मजकूर, ‘पनवेलच्या खाडीत विष’. हा फोटो परदेशातल्या एका नदीचा आहे, असं चारुदत्तने स्वतः शोधून पाठात लिहिलं होतं. तरी या बाईंनी ‘खरा’वर खूण केली होती. तीनदा चाचणी दिली, तिन्ही वेळा तेच.

त्याने त्यांना उभं केलं. पाठ वाचला होता का, असं मुद्दाम गोड आवाजात विचारलं. मागे कुणीतरी हसलं. वाचला, दोनदा वाचला, असं त्या म्हणाल्या. मग फोटो खरा कशावरून, त्याने विचारलं.

“होडी आमची हाय, सर. तिच्यात उभा हाय तो माझा भाऊ, काशिराम. फोटो मी काढलाय.”

त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. मूळ फोटो सहा फेब्रुवारीचा होता. परदेशी साईटवर तो मार्चमध्ये आला होता. तिथल्या कुणीतरी उचलून आपल्या नदीच्या नावावर खपवला होता. चारुदत्तने ती साईट पाहिली होती. तारीख पाहिली नव्हती.

मग मालूताई सावकाश, शाळेतल्या मराठीत बोलल्या. मासळी मेली म्हणून गावाने तक्रार केली होती. सरकारी कचेरीतल्या साहेबांनी चारुदत्तचा पाठ दाखवला, शिक्षकांनीच फोटो खोटा ठरवलाय म्हणाले आणि अर्ज परत दिला. मग मालूताईंनी साईटवर दोनदा कळवलं, फोटो खरा आहे म्हणून. दोन्ही वेळा उत्तर आलं, पाठ पुन्हा वाचा.

ते उत्तर चारुदत्तनेच लिहिलं होतं. नाव न बघता.

त्याचे कान तापले. पण निदान आता तरी ही माणसं काही शिकतील, असं त्याला वाटलं. त्याने मोबाइल पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत फिरला. सगळ्यांनी फोटो पाहिला, तारीख पाहिली. मोबाइल परत आला तेव्हा त्याने विचारलं, ज्यांना फोटो खरा वाटतो त्यांनी हात वर करा.

सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मालूताईंचा सोडून एकही हात वर गेला नाही.

“फोटो खरा आहे,” चारुदत्त म्हणाला, आणि चाळीस हात एकदम वर गेले.