खिडकीतला कप

शलाकाने ओल्या फडक्याखालून आणखी एक कप काढला आणि सवयीने त्याच्या पोटावर अंगठा दाबला. खळगा पडला. दिवाळीच्या ऑर्डरचे दीडशे कप अजून बाकी होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात माती बघता बघता कडक होत होती.

पाच वर्षांपूर्वी चाकावरून उतरवताना एका कपात तिचा अंगठा चुकून रुतला होता. प्रदर्शनात नेमका तोच आधी विकला गेला. "अंगठा कसा छान बसतो," म्हणत लोक तसलाच मागू लागले. तेव्हापासून तिच्या स्टुडिओतून बिनखळग्याचा एकही कप बाहेर पडला नव्हता. नवरा नोकरी सोडून तिच्या मदतीला आला, तोही या खळग्याच्याच भरवशावर.

आज सकाळी मात्र तिने एक कप फक्त स्वतःसाठी केला होता. पातळ काठाचा, गुळगुळीत. तो खिडकीत वेगळा ठेवला होता आणि कामातून मान वर केली की ती त्याच्याकडे बघून घ्यायची.

जेवून परत आली तेव्हा नवरा मातीचे हात धूत होता.

"अगं, खिडकीतला एक तुझ्या नजरेतून सुटला होता," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला असता तर वाळलाच असता. मी दाबला."

तिने कप हातात घेतला. खळगा तिच्या अंगठ्याला मोठा होत होता.

"बरं केलंस," ती म्हणाली. कप बाकीच्यांच्या रांगेत लावला आणि पुढच्याच्या पोटावर अंगठा टेकवला.